खैरनारांचं पत्र आणि साहेबांचं नाव

प्रथम क्षमा मागते. लिहिण्याचा माझा वकूब नाही. साठीनंतर हे धाडस करते आहे, ते केवळ राहवत नाही म्हणून. अमानवीय गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तसा ठेवणाऱ्यांची मी मनातल्या मनात कीवच करत आले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सिल्वासाजवळ राखोलीच्या एका सूत-कारखान्यात, चाळिशी उलटल्यावर, मी टंकलेखिका म्हणून लागले. संपूर्ण कारखान्याला ईमेलचा पत्ता एकच, आणि टपाल पाठवणारी मी एकटी. म्हणून मुंबईच्या मुख्य कार्यालयाने शिस्त घालून दिली होती – ‘फ्रॉम’मध्ये मजकूर लिहिणाऱ्याचं नाव, ‘सेंडर’मध्ये प्रत्यक्ष पाठवणाऱ्याचं, ‘रिप्लाय-टू’मध्ये उत्तर ज्याच्याकडे यायचं त्याचं.

आमच्या मॅनेजरसाहेबांना ही शिस्त अपमानास्पद वाटे. संगणकाचं बटण कुठे असतं हेही ठाऊक नसलेला हा गृहस्थ दुसऱ्यांच्या प्रत्येक अहवालावर ‘फ्रॉम’मध्ये स्वतःचं नाव घालायला लावी.

“मॅडम, तुमच्या संस्कृतच्या एम.ए.ने कारखाना चालत नाही. माझं नाव टाका.”

आणि मी... टाकत असे.

देखभाल विभागातल्या खैरनारांनी एकदा हाताने लिहिलेला अहवाल आणला. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो आहे, कधीही स्फोट होईल. साहेबांनी तो माझ्या टेबलावर भिरकावला. “मुंबईला कळलं तर प्लांट बंद करतील. ठेवा ड्रॉवरमध्ये.”

खैरनार जाताना एवढंच म्हणाले, “ताई, तिथे आठ माणसं काम करतात हो. पाठवाल ना?”

मी मान हलवली, आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. पंधरवड्यात खैरनार काविळीने गेले.

पुढच्या आठवड्यात टेलिफोनची लाइन, जिच्यावरूनच आमची ईमेल जाई, सलग तीन दिवस बंद होती. ती सुरू होताच मुंबईचं पत्र उतरलं – अहवाल मिळाला, बॉयलर ताबडतोब थांबवा. खाली मूळ ईमेल जोडलेली. आमच्याच पत्त्यावरून निघालेली, लाइन बंद असतानाच मुंबईला पोहोचलेली, शब्दन् शब्द खैरनारांची. फ्रॉम – खैरनार. सेंडर – साहेब. रिप्लाय-टू – मी.

ड्रॉवर उघडला. कागद जागच्या जागी होता.

“हा तुमचाच उद्योग!” साहेब ओरडले. “उद्यापासून येऊ नका.”

दुपारी बॉयलर थांबवून व्हॉल्व्ह खोलून पाहिला, तर तो गंजून घट्ट बसलेला. मुंबईहून अभिनंदनाचा फोन आला. साहेब त्याच तोंडाने म्हणाले, “हो हो, मीच पाठवला. माणसांच्या जिवापेक्षा प्लांट मोठा आहे का?”

‘रिप्लाय-टू’मध्ये माझं नाव, म्हणून मुंबईने माझ्याकडे लेखी उत्तर मागितलं – अहवाल कोणी पाठवला? मी टंकलं, “साहेबांनी.” माझी नोकरी टिकली, त्यांना बढती मिळाली. त्या माणसाची मला आजही किळस येते; स्वतःची त्याहून थोडी अधिक.

ती ईमेल कशी गेली, याचा खुलासा मला अद्याप सापडलेला नाही. खैरनारांच्या पत्नी नाशिकला असतात. आपल्या यजमानांचा शब्द मुंबईपर्यंत पोहोचवणारे साहेब त्यांना देवमाणूस वाटतात. दर दिवाळीला त्या साहेबांना फराळ पाठवतात. मी त्यांना काय सांगू?