दारावरची तीट

माझ्या चित्रांबद्दल हल्ली काही छापून आलं की त्यात हटकून एक वाक्य असतं: या चित्रकारावर अनेक संस्कृतींचे संस्कार झाले आहेत. ते वाचून मला हसू येतं. मी आयुष्यभर गाड्या रंगवल्या. कराडच्या नाक्यावर वडिलांच्या हाताखाली ट्रक, शिकागोजवळ एका मेक्सिकन उस्तादाच्या हाताखाली व्हॅन, आणि पुढे भंगारातून उचलून आणलेली बॉनेटं. तीच बॉनेटं आता गॅलरीच्या भिंतीवर टांगतात आणि लोक हातातला ग्लास सांभाळत त्यांच्यासमोर उभे राहतात.

वडिलांना सगळा हायवे नुसतं 'पेंटर' म्हणून ओळखायचा. ट्रक रंगवून झाला, मागची कमळं आणि मोर सुकले, मालक पेढे घेऊन आला, की वडील करंगळीचं टोक काळ्या रंगात बुडवायचे आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका टेकवायचे. मुगाच्या दाण्याएवढा. लहान बाळाच्या गालावर लावतात तशी तीट. एवढी देखणी गाडी रस्त्यावर निघालीय, कुणाची नजर नको लागायला. ती लावल्याशिवाय ते चावी हातात देत नसत. एकदा विसरले तर सायकल मारत उंब्रजपर्यंत ट्रकमागे गेले होते.

मी अमेरिकेत आलो तो चित्रकला शिकायला. शिक्षण संपलं आणि चित्रं कुणी विचारेना, तेव्हा शिकागोच्या शॉमबर्ग उपनगराजवळ गाड्या रंगवणाऱ्या एका बॉडी शॉपमध्ये कामाला लागलो. ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं. व्हॅनच्या अंगावर वाळवंटातला सूर्यास्त काढून घ्यायची फॅशन होती. आमचा फोरमन, तोच माझा उस्ताद, साठीचा मेक्सिकन होता. माझ्या हातातला खारीच्या केसांचा ब्रश आणि एका दमात ओढलेली रेघ बघून त्याने मला ठेवून घेतलं, आणि दुकानाच्या मालकाने माझ्या ग्रीन कार्डचे कागद भरले. आमच्या गावचे एक इंजिनियर काका शॉमबर्गला राहायचे, त्यांच्या बेसमेंटमध्ये माझा मुक्काम.

वडिलांच्या प्रत्येक पत्रात शेवटी एकच प्रश्न असायचा. "तीट लावतोस ना?" मी दर वेळी उत्तर लिहायचो, "लावतो." एकदाही लावली नव्हती. त्या दुकानात रंगावर धुळीचा कण दिसला तरी गाडी परत यायची. हे त्यांना कसं समजावणार? खोटं लिहिणं सोपं होतं, त्यांनाही बरं वाटायचं.

एका बुधवारी सकाळी काकूंनी दुकानात फोन केला. वडील आदल्या दिवशी गेले होते. अग्नी धाकट्या भावाने दिला होता. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि रंग बाहेर जाऊ नये म्हणून टेप लावायचं अर्धवट राहिलेलं मास्किंग पूर्ण केलं. त्या दिवशीच्या टेपच्या कडा किती सरळ बसल्या होत्या ते मला अजून आठवतं. वडिलांचा चेहरा मात्र काही केल्या डोळ्यांसमोर येत नव्हता.

थोरला मी. दहाव्याला तरी पोचायला हवं होतं. संध्याकाळी काकांनी वकिलाला फोन लावला.

"तो क्लिअरली बोललाय," फोन ठेवून काका म्हणाले. "फाइल पेंडिंग असताना कंट्री सोडलीस तर सगळं कॅन्सल. परत एंट्रीची गॅरंटी नाही. तू डिसाइड कर, मी काही सांगत नाही."

"नाही जात," मी म्हणालो. एवढ्यावरच ठरलं. मलाच नवल वाटलं.

काकूंनी पिठलं-भात वाढला. "रडून घे रे जरा," त्या म्हणाल्या. मला रडू येत नव्हतं. भूक लागली होती, मी दोनदा भात घेतला. शनिवारी गावी शेजाऱ्यांच्या घरच्या फोनवर आई भेटली. लाइनवर खरखर होती. "निघालास का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "कागद अडकलेत." मी मेल्यासारखा होतो आणि वेळेवर कामावर जात होतो.

तेव्हा हातात एका गिऱ्हाइकाची निळी व्हॅन होती. रविवारच्या गाड्यांच्या शोमध्ये तो ती मांडणार होता. सोमवारी दुपारी मी शेवटची रेघ ओढली, मागे सरून पाहिलं. काम झकास झालं होतं. मग मी करंगळी काळ्या रंगात बुडवली आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात टेकवली. मी ठरवून काही केलं नाही, तसं सांगितलं तर थाप होईल. हात गेला. मंगळवारी दुकानातल्या दुसऱ्या पोराने वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, मारलं आणि तीट काचेखाली ठेवल्यासारखी चकाकायला लागली.

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक आलं. बिचारा खूश होऊन गाडीभोवती दोन चकरा मारून आला, तिसऱ्या चकरेला खाली वाकला आणि बोट फिरवायला लागला. मालकाला बोलावलं. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "हे बोट कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"उद्या संध्याकाळपर्यंत दार नवं दिसलं पाहिजे. नाहीतर तू तुझे कागद घेऊन दुसरा मालक शोध."

सगळे पांगल्यावर उस्ताद माझ्याजवळ आला. त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्याला तीट म्हणजे काय ते सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. आठवडाभरात त्याला मी ते बोललोच नव्हतो.

त्याने मान डोलावली. "आमच्या गावात बाळाला नजर लागू नये म्हणून मनगटात लाल बी बांधतात," तो म्हणाला. मग दाराकडे बोट केलं. "पण हे गिऱ्हाईक बाळाची आई नाही. काढून टाक."

गुरुवारी सकाळी मी पाण्याची बादली आणि रंग घासायचा वॉटर पेपर घेऊन दारापाशी बसलो. आधी क्लिअर गेलं, दुधासारखं पांढरं पाणी ओघळलं. मग तीट करडी झाली. करंगळीच्या रेषा शेवटपर्यंत दिसत होत्या. अकराच्या सुमारास ती पूर्ण गेली. दुपारी मी दार पुन्हा रंगवलं, आणि वर्षाच्या आत मला कार्ड मिळालं.

भावाचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. त्याने लिहिलं होतं: दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. गुरुजी कंटाळले. मी म्हटलं, आईला सांभाळीन. नाही शिवला. म्हटलं, दुकान चालवीन. तरी नाही. मग आई घाटाच्या पायऱ्या उतरून आली आणि पिंडाला म्हणाली, "थोरल्याची काळजी करू नका. तो तिकडे गाड्यांना तुमचीच तीट लावतो." म्हटल्याबरोबर कावळा शिवला.

मी ते पत्र व्हॅनच्या जागी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला टेकून वाचलं. दहावा गुरुवारी होता. कराडला सकाळ होते तेव्हा आमच्याकडे आदली रात्र असते, हे मी बोटांवर मोजून पाहिलं, दोनदा. म्हणजे आई बोलली तेव्हा दारावर तीट होती. माझ्या सगळ्या पत्रांतली तेवढी एक गोष्ट त्या घटकेला खरी होती. वडील ती ऐकून गेले, आणि सकाळी मी बादली घेऊन बसलो.

तेव्हा मला रडू आलं. उस्तादाने कॉम्प्रेसर सुरू केला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यानंतर मी कशावरही तीट लावलेली नाही. बॉनेटांवरही नाही.