अत्तराचा मान

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता कॉलेजच्या ऑफिसात पाटोद्याहून फोन आला. वहिनीचा भाऊ बोलत होता. दादाच्या छातीत दुखायला लागलं, जीपमध्ये घालून बीडला आणत होतो, वाटेत गेला, परत फिरलो आहोत, एवढं त्याने सांगितलं. मी फोन ठेवला, ग्रंथालयाला कुलूप लावलं, किल्ली शिपायाकडे दिली आणि बसस्टँडवर गेलो.

त्याला आता दीड महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण कागद समोर घेतला की हात थांबायचा. चांगलं लिहिण्यासारखं दादाबद्दल पुष्कळ होतं... अडचण माझ्याबद्दलची होती.

दादा, म्हणजे विश्वनाथ, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो मॅट्रिकला होता. शाळा सोडून तो वडिलांच्या कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात बसला, तो शेवटपर्यंत. गहू, साखर आणि रॉकेल. टिपाडातून पंपाने रॉकेल काढायचं, मापात घ्यायचं, नरसाळ्यातून लोकांच्या डब्यात ओतायचं. ते त्याच्या बोटांच्या पेरांत, नखांत, शर्टाच्या बाह्यांत जाऊन बसलं होतं. राख, लिंबू, धुण्याचा साबण, सगळ्यांनी तो हात घासायचा. वास हलायचा नाही. म्हणून तो अत्तर लावायचा, आणि तेही एकच, नारंगीच्या फुलांचं. बीडला बसस्टँडमागे एक म्हातारे चाचा पेटी मांडून बसत, त्यांच्याकडून तो लहानशी कुपी आणायचा. दुसरं कुठलं अत्तर त्याने कधी घेतलं नाही. पालीला आमच्या मामांची मोसंबीची बाग होती, तिच्या फुलांचा वासही तसाच. फुलं लागली की दादा मला सायकलच्या नळीवर बसवून तिकडे न्यायचा, बांधावर उभं करायचा आणि डोळे मिटायला लावायचा. मी सहा-सात वर्षांचा असेन. घरी परतताना तो म्हणायचा, माणसाच्या हाताला असा वास पाहिजे.

ते अत्तर लावल्या लावल्या नुकतीच साल सोलल्यासारखं तिखट लागायचं, नाकात शिरायचं. तासाभराने तिखटपणा ओसरून नुसती फुलं राहायची, आणि संध्याकाळी शर्ट खुंटीवर टांगला तरी कॉलरला ती असायची. दादाचा स्वभावही मला तसाच वाटायचा. रॉकेलची गाडी आली की तो रांगेवर ओरडायचा, "कावून ढकलता बे? टिपाड पळून चाललंय का?" नवीन माणूस घाबरायचा. जुन्यांना माहीत होतं की दुपारी हाच माणूस एखाद्या म्हातारीचा डबा गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून येतो. बायका त्याची थट्टा करत. एक मावशी दर खेपेला विचारायची, "इसवनाथ, रॉकेल द्यायला बसलास का नवरदेव म्हणून?"

"दोन्ही हाय मावशी. रांगेत ऱ्हा, वरात निघू दे."

मला त्याने शिकवलं. आधी बीडला, मग औरंगाबादला. तो होस्टेलवर यायचा, तेव्हा माझे खोलीतले मित्र जिन्यात वास आला की म्हणायचे, बागेला आग लागली वाटतं. रॉकेल आणि फुलं... विनोद बरोबर बसला होता. पहिल्यांदा मी गप्प राहिलो. दुसऱ्यांदा हसलो. पुढे तो विनोद मीच करू लागलो.

आमच्या गल्लीत केबल आली त्या वर्षी माझं लग्न झालं. टीव्हीवर फवाऱ्याच्या सेंटच्या जाहिराती लागायच्या, माझ्याबरोबरचे प्राध्यापक तसल्या बाटल्या वापरत. सासरे निवृत्त इंजिनिअर, औरंगाबादचे. आमच्या घरात रीत अशी, की मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या हाताला अत्तर घरातल्या थोरल्या पुरुषाने लावायचं. वडील नसल्यामुळे तो मान दादाचा. त्याने दोन महिने आधीपासून तयारी केली होती. चाचांकडून या वेळी कुपी नव्हे, बाटली भरून आणली. वडिलांची अत्तरदाणी चिंचेने घासून लख्ख केली. लग्नाच्या सकाळी पांढरा नवा शर्ट घालून, अत्तरदाणी घेऊन तो दारात उभा राहिला. मी त्याला आतल्या खोलीत बोलावलं.

"दादा, तू दमलायस. दारात आमच्या कॉलेजातल्या सरांना उभं करू."

"कोन म्हनलं? झोपलोय की मी चांगला."

"तरी पण... पाहुणे औरंगाबादचे आहेत."

मी एवढंच म्हणालो. दादाने माझ्याकडे बघितलं. मग उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली, एकदाच, माझ्यासमोर. आणि अत्तरदाणी माझ्या हातात दिली.

"बरं. मी आचाऱ्याकडं बघतो. त्याचे स्टो पेटंना गेलेत."

दिवसभर तो मांडवामागे होता. नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून स्टोव्हमध्ये रॉकेल भरत होता, पिन मारत होता. अक्षतांच्या वेळी तो कुठे उभा होता, मला सांगता येत नाही. अत्तर मात्र त्याचंच होतं. सासऱ्यांनी हात हुंगून विचारलं, फार सुरेख आहे, कुठून आणलं? मी म्हणालो, बीडहून मागवलं. दादाचं नाव घेतलं नाही.

त्यानंतर तो माझ्या बीडच्या घरी पाच-सहा वेळा आला असेल. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, हात मांडीखाली दाबून. माझी मुलगी त्याच्याकडे झेपावली तर आधी मोरीत जाऊन हात धुऊन यायचा. अत्तराचा वास यायचा नाही. बायकोने एकदा विचारलंच, भाऊजी, तुम्ही आता अत्तर लावत नाही का? "संपलं," तो म्हणाला. मी समोर पुस्तक घेऊन बसलो होतो. पान उलटलं.

मागच्या दिवाळीत आम्ही दोघंच दुकानात बसलो होतो. लोकांकडे गॅस येतोय, रांग कमी झाली, असं तो सांगत होता. मला त्या दिवशी बोलायचं होतं. चहा होईपर्यंत बोलू म्हणालो... चहा झाला, एसटीची वेळ झाली.

आमच्या लिंगायतांत देह बसवून माती देतात. अंघोळ घातली, विभूती लावली, तेव्हा वहिनी कपाटातून एक बाटली घेऊन आली. तीच, माझ्या लग्नातली. निम्मी भरलेली होती. "तुमी लावा," ती म्हणाली. मी कापसाचा फाया भिजवला आणि दादाच्या उजव्या हाताला लावला. लगेच साल सोलल्यासारखा वास आला, आणि त्याखाली रॉकेलचा. अंघोळीनेही तो गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी बायका जमल्या होत्या. वहिनी त्यांना सांगत होती, "ह्यांचा धाकट्यावर लई जीव, अन् धाकट्याचा ह्यांच्यावर. लग्नात आत्याबाईनं इचारलं, थोरला दारात कावून न्हाई? हे म्हनले, मीच नको म्हनलो, माझ्या हाताला वास हाय. पोरगं लई मागं लागलंतं, दादा तूच लाव म्हनून, मीच ऐकलं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय की न्हाई भाऊजी?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

म्हणजे दादाने त्या दिवशी मांडवामागे उभं राहून माझ्यासाठी ही गोष्ट रचली होती, आणि वहिनीलाही ती खरी म्हणूनच सांगितली होती. इतकी वर्षं ती गावात फिरत होती. सगळे माझं कौतुक करत होते. फक्त मला माहीत नव्हती.

वहिनीला वाचता येत नाही. पुतणी तिला दर रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचून दाखवते, म्हणून हे इथे लिहितोय. वहिनी, मी मागं लागलो नव्हतो. दादा दारात उभा होता, मी त्याला तिथून काढलं. हे त्या दिवशी बायकांसमोर सांगायला हवं होतं.

बाटली वहिनीने मला दिली. ती माझ्या टेबलावर आहे. तिच्यात चार बोटं अत्तर शिल्लक आहे.