बापाच्या खुणेची मेंढरं

नवऱ्यानं टाकल्यावर कासाबाई चारठाण्याजवळच्या आमच्या गावात माहेरी परतली, ते साल अठ्ठ्याहत्तर. तिचा बाप येडबा धनगर. त्याला शेत-वावर काही नव्हतं, नुसती मेंढरं. त्यानं लेकीला पाच मेंढ्या दिल्या. "ह्याच्यावर जग, भावापुढं हात पसरू नको," म्हणाला. त्या पाचांच्या कानाला वेगळी खूण करायला त्यानं चाकूही काढला होता. कासाबाईनंच त्याचा हात धरला. वेगळी खूण म्हणजे वेगळं घर. बाप जिता असताना ते तिला बरं दिसेना. सगळ्या कळपाला बापाचीच खूण राहिली. भली बाई, आणि तो भलेपणाच तिच्या अंगलट आला.

पाचाची बावीस झाली. लोकरीवर, कोकरांवर तिचं पोट चालायचं. त्र्याऐंशीत येडबा गेला. तेरावं उरकलं आणि धाकटा भाऊ दत्तराव म्हणाला, कळप सगळा वारसानं माझा. पंच बसले. मी शाळामास्तर, म्हणून कागद लिहायला मला बसवलं.

"वारसा लेकीलाही असतो," मी म्हणालो.

"पाच वर्सं बापाचं खाल्लं की तिनं, मास्तर," पंचांतले मुंजाजी म्हणाले. "त्योच तिचा हिस्सा."

बापानं लेकीला जगवलं ते वाट्यातून वजा. ह्याच बापानं मेंढरं विकून दत्तरावाचं लग्न केलं, ते मात्र कुणाला आठवलं नाही. जमीन असती तर तलाठ्याचं दप्तर उघडलं असतं. मेंढरांना कुठला सातबारा? शेवटी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायची ठरलं. एकानंच उचलला तर देव गप्प राहतो. दोघांनी उचलला की खोट्याचं घर लेकरांसकट बुडतं, अशी आमच्याकडची समजूत.

आधी दत्तराव उठला. भंडारा मुठीत घेऊन म्हणाला, "बापानं आक्काला काई दिलं न्हाई." त्याचा आवाज जराही कापला नाही.

"आता तू उचल, कासाबाई," मुंजाजी म्हणाले.

तिनं भंडाऱ्याच्या ताटाकडं हात नेला आणि तिथंच थांबली. समोर भिंतीला टेकून दत्तरावाची दोन लेकरं बसली होती. त्यांचं न्हाणंमाखणं जन्मापासून तिनंच केलेलं.

"मला दिलं हुतं, दत्तू. तुला ठावं हाय," ती म्हणाली. "पर मी उचलत न्हाई. लेकरं हायती तुझी. आता मी काय खाऊ, तेवढं सांग."

कळपावर कासाबाईचा हक्क नाही, असं लिहायला मुंजाजींनी मला सांगितलं. मी लिहिलं. मला त्याच गावात राहायचं होतं. अजून लाज वाटते. तिनं खाली अंगठा उठवला.

चौथ्या दिवशी दत्तरावानं तिला मेंढरं वळायला ठेवलं. तीच बावीस मेंढरं, रोजच्या दोन भाकरींवर.