खाणीच्या नळाला हळदकुंकू

बाळंतिणीने सव्वा महिन्याने विहीर पुजायची, ही आमच्या गावची रीत. काल शेजारची सुनंदा तान्ह्याला घेऊन निघाली ती चौकातल्या नळाकडे. कोळसा खाणीत झिरपलेलं पाणी पंपाने उपसतात, गाळून, शुद्ध करून या नळाला सोडतात. पाणी वाया जात नाही, मग तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? पण खाण खोल गेली आणि आमची विहीर आटली.

सुनंदाने तोटीला हळदकुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली. मग विहिरीत डोकावतात तशी सवयीने वाकली. खाली नुसतं सिमेंट होतं. तिचे डोळे भरून आले.

सासू हळूच म्हणाली, "नमस्कार कर, माय. आपल्याच विहिरीचं पाणी हाय ते. लय फिरून आलं बिचारं."