बसच्या पायरीवरचा प्रश्न

डिनी कॉइलला आमच्या ड्यूक स्ट्रीटवर कोण ओळखत नाही? ग्लासगोच्या या पूर्वेकडच्या भागात हिरवं-पांढरं मफलर गळ्यात घेऊनच जन्मल्यासारखी माणसं ढिगानं आहेत, पण डिनीची गोष्टच वेगळी. आमच्या फुटबॉल सपोर्टर्स क्लबची बस बाहेरगावच्या मॅचला निघायची वेळ झाली, की हा पायरीवर उभा. छाती पुढे, टोपी मागे, कोटावर क्लबचा बिल्ला. नवं तोंड चढायला आलं की हात आडवा घालायचा आणि विचारायचा, "तुझी माणसं कुठली?"

उत्तरात आयर्लंडचं नाव निघायला हवं. डोनेगल म्हणा, मेयो म्हणा, लिट्रिम म्हणा. पणजीची आजी दुष्काळात बोटीतून आली असली तरी चालेल, पण कुणीतरी आलेलं हवं. आपला क्लब मठातल्या एका कॅथलिक ब्रदरनं का काढला, हे तो लहान पोराला शिकवावं तसं सगळ्यांना शिकवायचा. उपाशी आयरिश पोरांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून. ज्याची माणसं त्या घासाच्या रांगेत उभी नव्हती, त्याच्या गळ्यात ते मफलर म्हणजे नुसती लोकर, असं तो म्हणायचा. आणि मग डोनेगलमधल्या ग्वीडोरच्या आपल्या घराचं वर्णन सुरू. चुलीत जळणाऱ्या पीटच्या मातीचा धूर, दारातली कोंबडी, समोरचा डोंगर. ऐकता ऐकता आमचे डोळे भरून यायचे. हो, माझेसुद्धा!

मी रोझलीन. बसमधल्या सगळ्यांसाठी सॉसेज घातलेले पाव आणि चहा न्यायचं काम माझं. माझी माणसं लिट्रिमची, त्यामुळे माझी जागा पक्की. पण माझा जावई क्रेग, त्याला या डिनीनं पायरीवरून परत पाठवला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

क्रेग जवळच्याच एअरड्री गावचा. बाप निळ्यांचा, म्हणजे आमच्या जन्माच्या वैरी क्लबचा, आजा निळ्यांचा, चर्च दुसरं, आम्ही कॅथलिक, ते प्रोटेस्टंट. माझ्या ऊनाशी लग्न करून आमच्यात आला आणि एक मॅच बघून असा काही वेडा झाला, की आमच्या घरच्यांपेक्षा वरचढ. डिनीनं विचारलं तेव्हा गाढवानं खरं सांगितलं. एअरड्रीची. सगळी बस खो खो हसली. डिनी म्हणाला, "मग तुझ्या माणसांकडे जा, पोरा."

गेला नाही तो. आपली पिटुकली लाल गाडी घेऊन प्रत्येक मॅचला बसच्या मागे मागे यायला लागला. ॲबरडीन असो, पर्थ असो, पाऊस असो, बर्फ असो. डिनी मागच्या काचेतून डोकावून विचारायचा, शेपूट आलं का? मी त्याला काय काय नाही सुनावलं! पण पालथ्या घड्यावर पाणी. मी क्रेगलाही म्हणायची, अरे खोटं सांग ना एकदा, मेयोची आजी म्हणून टाक, कोण उकरून बघणार आहे? तर म्हणायचा, सासूबाई, आजी खोटी सांगून मिळालेल्या जागेवर बसून मॅच कशी बघायची? असा हा आमचा हरिश्चंद्र.

त्या दिवशी सीझनची शेवटची मॅच होती, डंडीला. जिंकलो की लीग आमची. बस नुसती उसळत होती, गाणी चालू, कुणाला धीर म्हणून नव्हता. डिनी पायरीवर. इतक्यात काळा कोट घातलेली एक म्हातारी सरळ त्याच्याकडे चालत आली. डिनीनं सवयीनं हात आडवा घातला.

ती म्हणाली, "वुल, ॲलेक गेला."

आमचा सेक्रेटरी फ्रँकी डोहर्टी पुढे झाला. बाई, तुमचा माणूस चुकला, हा डिनी कॉइल आहे, असं त्यानं अगदी नीट सांगितलं. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हा विल्यम रॅनकिन, आमचा वुल, म्हणाली, माझा भाऊ, आणि ॲलेकचाही. नाव तिचं ग्रेटा.

"आज दुपारी कार्नब्रेला माती द्यायची आहे. पहिला दोर तुझ्या नावानं ठेवलाय. ॲलेक जाताना सांगून गेला, वुल आला नाही तर तो दोर कुणी धरायचा नाही. तसाच लोंबू दे."

आमच्याकडे शवपेटी घरचीच माणसं खाली सोडतात. प्रत्येकाच्या हातात एक दोर, दोराला नंबर, आणि डोक्याकडचा पहिला दोर सगळ्यात जवळच्या माणसाचा. बायको नाही, पोरं नाहीत, तर भावाचा. आजवर कुणाच्याही मातीला पहिला दोर मोकळा लोंबलेला मी पाहिलेला नाही. त्याहून मोठी बेअब्रू मेलेल्या माणसाची कुठली?

पण माझ्या कानात दोर शिरलाच नव्हता. कार्नब्रे शिरलं होतं. अहो, कार्नब्रे! जुलैत जिथे प्रोटेस्टंटांच्या लॉजवाले नारिंगी पट्टे घालून ढोल बडवत आमच्या नावानं शंख करतात, ते गाव. गवत हिरवं उगवतं याचंसुद्धा त्या लोकांना दुःख. आणि आमचा डिनी तिथला? ग्वीडोरचा डोंगर, कोंबडी, पीटचा धूर?  मी बसचा दांडा धरून खाली उतरले.

फ्रँकीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "डिनी, सांग ना, ही बाई चुकतेय म्हणून."

डिनी पायरीवरून उतरला, एवढंच. गाणी कधीच थांबली होती. मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे इतकी वर्षं हा त्यांच्यातला? कुणी शिवी दिली. फ्रँकीनं डिनीकडे न बघता ड्रायव्हरला चल म्हणून खूण केली आणि दार बंद झालं. चाळीसेक वर्षांत डिनीशिवाय ती बस कधी सुटली नव्हती. माझे पावसुद्धा तिच्यातच गेले.

रस्त्यावर आम्ही तिघं, आणि मागे ती लाल गाडी. क्रेगनं काच खाली केली. ग्रेटा बसनं आली होती आणि परतीची बस पकडली असती तर माती होऊन गेल्यावर पोचली असती. क्रेगनं डंडीच्या दिशेला गेलेल्या आमच्या बसकडे एकदा बघितलं. तिकीट त्याच्या खिशात होतं. लीगची मॅच होती. मग म्हणाला, बसा.

गाडी शहराबाहेर पडली. मग डिनीच बोलायला लागला, पुढच्या काचेकडे बघत. शेजारच्या गल्लीत कॉइल नावाची विधवा राहायची, डोनेगलची. तिच्या मुलानं, ह्यूईनं, याला चोरून मॅचला नेला. खेळ काही पहिल्यांदा कळला नाही, म्हणाला, पण माणसं आवडली. कुणीतरी याच्या हातात पाव ठेवला, कुणीतरी खांद्यावर घेतला. बापाला गादीखाली मफलर सापडलं. मफलर चुलीत गेलं आणि हा दाराबाहेर. मिसेस कॉइलनं दार उघडलं आणि आत घेतला. डोंगर तिचा, कोंबडी तिची, नावही तिचंच.

"तिनं तुला विचारलं होतं, तुझी माणसं कुठली म्हणून?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचाही नव्हता.

"नाही."

"मग तू कोण रे टिकोजीराव लागून गेलास विचारणारा? हा पोरगा तीन वर्षं तुझ्या मागे धूर खात आलाय!"

डिनीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला भीती वाटायची, रोझलीन. कुणी मलाच विचारलं तर? म्हणून मी आधी विचारायचो."

 मी खिडकीबाहेर बघत बसले. राग गेला नव्हता, पण तो ठेवायचा कुठे ते कळेना. 

कार्नब्रेच्या दफनभूमीत काळ्या सुटांची गर्दी. पेटीवर लॉजचा नारिंगी पट्टा घडी करून ठेवलेला. आणि आमचा डिनी मॅचसाठी घातलेल्या त्याच कोटात, छातीवर आमचा बिल्ला. काढ रे तो, असं मी हळूच म्हणाले. त्यानं नकारार्थी मान हलवली. ॲलेकला माहीत होतं मी कोण ते, म्हणाला, बाकीच्यांनाही कळू दे. मी आई मरियेचं नाव घेत क्रेगच्या बाहीला धरून उभी राहिले.

अंत्यविधीवाल्यानं नाव पुकारलं. पहिला दोर, विल्यम रॅनकिन, भाऊ. डिनी जागचा हलेना. मला वाटलं, आता हा पाठ फिरवणार आणि दोर लोंबणार. ग्रेटानं डोळे मिटून घेतले होते. मग तो म्हणाला, "आहे," आणि पुढे जाऊन त्यानं दोर उचलला.

गर्दीत कुजबुज उठली. तिसऱ्या दोरावर एक जाड मानेचा पुतण्या होता, चुलत भावाचा मुलगा. त्यानं बिल्ला बघितला, नंबराचं कार्ड गवतावर टाकलं आणि फाटकाकडे चालायला लागला. अंत्यविधीवाल्यानं विचारलं, तिसरा दोर कुणी घेतंय का? जो तो आपापल्या बुटांकडे बघायला लागला. पेटी फळ्यांवर तशीच थांबलेली.

डिनीनं मागे वळून क्रेगकडे बघितलं. "हा घेईल."

पलीकडून एका म्हाताऱ्यानं विचारलं, हा कोण?

"माझा माणूस आहे," डिनी म्हणाला.

मी थक्क झाले. हे दोन शब्द मिळावेत म्हणून पोरगं तीन वर्षं त्या बसच्या मागे आलं होतं, आणि मिळाले कुठे, तर एका निळ्याच्या मातीला! मला रडू फुटलं आणि त्याच क्षणी डिनीच्या मुस्काटात द्यावीशीही वाटली. क्रेग पुढे गेला. त्यांनी हळूहळू दोर सोडले, कुणाचाही हात घसरला नाही.

नंतर हॉलमध्ये जेवण होतं, मटणाचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री आणि उकडलेले बटाटे. आमच्या टेबलाशी ग्रेटा सोडून कुणी बसलं नाही. क्रेगचा फोन वाजला, त्यानं बघितला आणि खिशात ठेवला. चेहऱ्यावरून मला कळलं, लीग आमची. डिनीनंही त्याला बघताना बघितलं होतं. पण स्कोअर विचारला नाही. ज्या माणसानं स्वतःच्या हर्नियाच्या ऑपरेशनमधून शुद्धीवर येताना आधी स्कोअर विचारला होता, तो बशीतले बटाटे चिवडत बसला. त्या एका दिवसात मला बरेच धक्के बसले, पण हा मी अजून पचवलेला नाही.

उन्हाळा गेला. क्लबात भांडणं झाली, दोघातिघांनी डिनीचं नाव काढून टाका म्हटलं, आणि मी त्यांना असं काही झापलं की पुन्हा तोंड उघडलं नाही. शेवटी फ्रँकीनं ठराव केला, पायरीवरचा प्रश्न बंद. ऑगस्टमध्ये पहिली बाहेरगावची मॅच आली. डिनी आला, पण टोपी हातात, आणि बसपासून चार हात लांब उभा.

फ्रँकी म्हणाला, अरे चढ की, नियम गेला. डिनी म्हणाला, तुमचा गेला. त्यानं ज्यांना ज्यांना परत पाठवलं होतं, त्यांची नावं त्याला पाठ होती. एकेक घेतलं त्यानं. पोलिश दुकानदाराचा मुलगा, शीख डॉक्टर, पार्कहेडचा तो तोतरा रंगारी. ती सगळी माणसं कुठे आहेत कुणास ठाऊक, म्हणाला, आणि मी त्यांच्यासमोरून वर चढू? 

तो लाल गाडीकडे चालत गेला आणि त्यानं दाराला हात लावला. क्रेगनं आतून कडी लावून घेतली. मला वाटलं, झालं, आता हा पोरगा सगळं वसूल करणार. काच खाली आली.

"तुझी माणसं कुठली?" क्रेगनं विचारलं.

सगळी बस खिडक्यांना चिकटली होती.  ग्वीडोर म्हणून टाकलं असतं तरी कुणी हसलं नसतं.

"कार्नब्रेची," तो म्हणाला, रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बस आत," क्रेग म्हणाला आणि त्यानं कडी काढली.

मी माझी पावांची टोपली बसमधून उतरवली आणि लाल गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. फ्रँकी मागून ओरडत होता, अगं रोझलीन, आम्ही खायचं काय?