पोडियमवरचं अळू

"मॅडम, पोडियमवरची दहा-बारा मोठी पानं कापून नेलीत. सीसीटीव्हीत बाई दिसतेय. ग्रुपवर फोटो टाकू का?"

फोनवर कामोठ्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांच्या पोडियमचं, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे.

"कोणती पानं?"

"ती हत्तीच्या कानासारखी."

"आज सोसायटीत काही कार्यक्रम आहे?"

"संध्याकाळी मंगळागौर. का?"

म्हणजे कुणीतरी ती अळू समजून वड्यांसाठी नेली. "फोटो टाकू नका. फ्लॅट नंबर द्या फक्त."

ते झाड अलोकेशियाचं. दिसतं अळूसारखं, पण पानात सुयांसारखे बारीक स्फटिक ठासून भरलेले. खाल्लं की तोंडाची आग होते, जीभ आणि घसा सुजतो. कुत्र्या-मांजरांचंही तेच. साध्या अळूतही हे थोडे असतात, म्हणून तर आपण चिंच घालतो. इथे चिंचेच्या भरवशावर राहता येत नाही.

सहाव्या मजल्यावर प्रभाकाकूंनी दार उघडलं. मालवणहून मुलाकडे येऊन त्यांना तीनच महिने झालेले, ओळख कुणाशी नाही. तीस बायकांसाठी अळूवड्या करायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पहिली गुंडाळी वाफवायला ठेवायच्या बेतात होत्या.

"काकू, हे अळू नाही."

"माका अळू शिकवतंस गे? चिंच भरपूर घातलंय!"

वाद घातला नाही. उरलेलं एक पान नळाखाली धरलं. अळूवर पाण्याचे मोती होतात आणि घरंगळतात. इथे पाणी पसरलं, पान चिंब झालं. मग पान उलटून देठ कुठे जोडलाय तेही काकूंनीच पाहिलं: अळूचा देठ पानाच्या कडेपासून आत जोडलेला असतो, इथे तो थेट खाचेत होता.

"अगे, ह्यां अळू न्हयच!" त्यांनी गॅस बंद केला. "आता सगळ्यो माका काय म्हणतल्यो? नवीन म्हातारी विष घालूक आयली!"

त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. "काकू, झाडाला पाटी होती ना?"

"होती. इंग्लिशीत. माका वाटला, झाड देणाऱ्याचा नाव."

पाटी मीच लावली होती, अगदी हौसेने, शास्त्रीय नावासकट.

पानं फेकली, दोघींनी साबणाने हात धुतले. परातीत न लावलेलं बेसन बरंच उरलं होतं. मी कोबी चिरला, काकूंनी वड्या वाफवल्या. संध्याकाळी त्या हातोहात संपल्या. सगळा किस्सा काकूंनी स्वतःच रंगवून सांगितला आणि बायका पोट धरून हसल्या. सेक्रेटरींनी चार वड्या खाल्ल्या आणि फोटो डिलीट केला.

पुढच्या आठवड्यात काकूंनी मला नवी पाटी सांगितली: "ह्यां अळू न्हय. खाव नको. कुत्र्या-मांजराकय देव नको."

"मॅडम, जरा शुद्ध मराठीत नको का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"अजिबात नको," मी म्हटलं.

हॉर्टिकल्चरची डिग्री माझ्याकडे आहे. त्या बागेत लोक थांबून वाचतात ती पाटी मात्र एकच, आणि ती काकूंची आहे.