आईला घेऊन जपानी सिनेमाला

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर डोकं फुटंल माझं! कालच संभाजीनगरहून परत आलेय, बॅग अजून दारातच पडलीय.

आमच्या ताईचं लग्न आलंय. आणि सुमनकाकू, म्हणजे माझी सख्खी चुलती, आईशी बोलतच नाय. आजीला कोण बघतं यावरून आमच्या गल्लीत कोण काय बोललं, आणि काकूच इथलं तिथं लावते असं झालं, एवढंच कारण. एकुलती एक जाऊ मांडवात नसली तर ताईच्या सासरचे काय म्हणतील, या घोरानं आईची झोप उडालीय. म्हणून मी आणि काकूची पोरगी प्राजू, आम्ही फोनवर ठरवलं. प्राजूच्या संभाजीनगरच्या कॉलेजात एक जुना जपानी कॉमेडी सिनेमा लागणार होता, घरच्या-शेजारच्या गमतीचा. दोघींना शेजारी बसवायचं, हसवायचं, मग काकूच्या घरी जाऊन लग्नाच्या अक्षता द्यायच्या. भारी ना?

सोयगावहून सकाळची एसटी. फर्दापूर गेलं, अजिंठ्याचा घाट लागला. डोंगर नुसते वाळलेले, करडे. आई खिडकीतून बघतच होती. "सोने, ती हसंल का गं?" सिल्लोडला गरम भजी घेतली, आईनं एक तोंडात टाकलं नाय.

स्टँडवर उतरताना आईच्या चपलेचा अंगठाच तुटला. रिक्षावाला म्हणाला, "खाला, बैठो. गुलमंडी छोडता, नयी लेलो." आई म्हणाली, "व्हय बाबा, पण हळू चालव." गुलमंडीत चप्पल घेतली आणि काकूसाठी इम्रती (उडदाच्या डाळीची जिलबी).

हॉलमध्ये काकू आधीच बसलेली. आईला बघून पदर सावरला, उठली मात्र नाय. प्राजूनं ढकलून आईला तिच्या शेजारी बसवलं.

सिनेमात घराला घर चिकटलेलं, सरकती दारं. एकीच्या घरात काय शिजतं ते दुसरीला आधी माहीत. खाली इंग्रजी अक्षरं, आईला त्यातलं एक वाचता येत नाय, तरी तिला सगळं कळत होतं! एक बाई घरोघर फिरून इथलं तिथं लावते आणि मग 'मी कुठं काय बोलले?' असं तोंड करते. लोक हसून लोळत होते. काकूपण हसली! खळखळून! मी प्राजूचा हात दाबला. जमलं!

आता आमच्याकडं टीव्हीसमोर बसलं की टीव्हीशी मोठ्यानं बोलायचं, ही पद्धतच. आईनं काकूच्या गुडघ्यावर थाप मारली आणि भर हॉलमध्ये म्हणाली, "अगं बया! ही तर अगदी आपली सुमन!"

इतक्या मायेनं म्हणाली हो. पण सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतली पोरं सुमन कोण म्हणून मागं वळली. काकू उठली ती थेट बाहेर.

आम्ही तिघी तिच्या मागोमाग पुंडलिकनगरला, तिच्या घरी. दारातच आई म्हणाली, "सुमन, तोंडातून गेलं गं. आपलं माणूस म्हणून बोलले."

"व्हय जाऊबाई. इतके दिवस गल्लीतच व्हतं, आता कॉलेजभर झालं."

आईनं तिला कुंकू लावलं, अक्षता हातात दिल्या. काकूनं त्या फ्रिजवर ठेवल्या. "बघू. यांना सुट्टी मिळाली पायजे." इम्रतीचा पुडा तसाच बांधलेला.

आम्ही निघालो. आई उंबऱ्यापाशी उभी राहिली. निघणाऱ्या सवाष्णीला कुंकू लावतात, अगदी वैरीण असली तरी. काकू म्हणाली, "कुकर लावायचाय," आणि आत गेली. प्राजू देवघरातला करंडा उचलायला वाकली, तर आतून हाक आली, "प्राजू! आधी इकडं ये!" आईनं चप्पल घातली.

परतीच्या एसटीत घाट लागला. आई म्हणाली, "त्या बाईशी शेवटी बोलले का गं सगळे?"

शेवट मी तरी कुठं बघितला होता? "बोलले, आई."

"पिच्चर व्हता तो," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

आज सकाळपासून आई पाहुण्यांसाठी गाद्या मोजतेय, आणि काकूची बाजूला काढून ठेवू का, असं मला विचारायला येते आणि न विचारताच परत जाते. तुमचं झालंय का असं कधी, जोडायला म्हणून गेलात आणि होतं नव्हतं तेपण तोडून आलात? सांगा ना, मग काय केलंत?